खोळ झटकणारी

शेतं रिकामी झाली, नदीचं गढूळ पाणी निवळून तळाचे गोटे दिसायला लागले, की आमच्या काठावरची माणसं दोघांची वाट बघायची. एक थंडीची, दुसरी पिंजाऱ्याची. थंडी कधी चुकली नाही. पिंजारी एका वर्षी वेळेला चुकला. ही त्या वर्षाची गोष्ट. पिंजाऱ्याची म्हणायची ती आपली म्हणायची, खरी ती त्याच्या बायकोची आहे.

तिला सगळे सुईवाली म्हणायचे. ठेंगणी, रुंद हाडाची बाई. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि त्यात कानावर खोचलेलं दाभण. दाभण एखाद्या वेळी बोथट व्हायचं, तोंड कधी नाही. नवरा शिडीसारखा उंच आणि शिडीइतकाच बोलका. तो खांद्यावर पिंजण घेऊन पुढं, ही दोऱ्याची रिळं आणि कापडाचं गाठोडं घेऊन मागं, अशी ही वरात नदीच्या वरच्या अंगाच्या गावापासून सुरू व्हायची आणि काठाकाठानं, गावागावांत गाद्या पिंजत, शिवत, शेवटी आमच्याकडं यायची. आमचं गाव शेवटचं. त्याच्या पुढं नदी नुसती पसरते आणि माणसं संपतात.

गादीचं असं असतं, की वर्षभर माणसं तिच्यावर लोळतात, पोरं नाचतात, आजारी माणसं महिना महिना पडून राहतात. कापूस बसतो, त्याच्या गाठी होतात. मग माणूस सकाळी उठतो तो रात्रभर कोणाशी तरी मारामारी करून आल्यासारखा. पिंजारी यायचा, गादी उसवायचा, कापसाचा ढीग करायचा आणि पिंजणाची तात त्यात बुडवून लाकडी मुठीनं तिला ठोके द्यायचा. पिंजण म्हणजे माणसाएवढं धनुष्यच, आणि तात म्हणजे त्याची दोरी. तात थरथरली की कापूस उडतो, सुटतो, फुलतो. हवेत सगळा भुरभुराट. नाकातोंडाला फडकं बांधायचं, डोळे अर्धे मिटायचे.

आणि यातली मेख अशी, की कापूस झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. वरून ढगासारखा दिसतो आणि पोटात गाठी तशाच. कळतं ते कानाला. गाठ असली की तात दबकी बोलते, ढब ढब. कापूस मोकळा झाला की तीच तात खणखणीत वाजायला लागते. त्या घटकेला थांबायचं. आधी थांबलं तर गादी कच्ची. उशिरा थांबलं तर धागा तुटतो, कापसाचा भुगा होतो, आणि भुगा झालेला कापूस कोणाचा बाप आला तरी परत जुळत नाही. कच्च्या गादीला लोक वर्षभर शिव्या देतात. भुग्याच्या गादीला शिव्या देत नाहीत, पिंजाऱ्याला पुन्हा दारात उभं करत नाहीत, एवढंच.

पिंजाऱ्याच्या बापाचं तसंच झालं होतं. म्हातारपणी कान गेले आणि एका बड्या घरच्या सगळ्या गाद्यांचा त्यानं भुगा केला. बातमी नदीच्या पाण्याच्या आधी खालच्या गावांत पोचली. त्यानंतर म्हातारा मरेपर्यंत दारात बसून राहिला. गल्लीतली पोरं मागून येऊन ओरडायची आणि त्याला कळत नाही म्हणून हसायची. सुईवालीनं हे सून म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. नवऱ्यानंही बघितलेलं. म्हाताऱ्याला पोचवून आले त्या दिवशी तो बायकोला एवढंच म्हणाला होता, ‘‘माझ्यावर ही पाळी आली तर मला कोणी शिकवायला येऊ नका. माझं मी बघेन.’’

ती मूळची शिंप्याची मुलगी. बारीक टाक्यांची सवय. लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणायची, ‘‘अगं, गादी शिवतेस का रुमाल? लोकांना झोपायचंय तिच्यावर, नाक नाही पुसायचं.’’ मग ती दाभण धरायला शिकली, लांब टाका घालायला शिकली, आणि नवऱ्याच्या शेजारी बसून बसून तिचा कानही तयार झाला. ढब ढब चाललंय तोवर ती दोरा ओवायची, खोळीच्या कडा दुमडायची. तात वाजली की खोळीचं तोंड उघडून तयार.

नवऱ्याचे कान गेलेत हे तिला कळलं ते एका सायकलीमुळं.

दोघं असंच काठाकाठानं चालले होते. वाट अरुंद, एका बाजूला बोरूचं बेट, दुसऱ्या बाजूला उतार आणि पाणी. मागून एक दूधवाला घंटी वाजवत येत होता. ही बाजूला झाली. नवरा मधोमध चालतोय. घंटी वाजतेय, वाजतेय, आणि पिंजारी आपला राजासारखा. शेवटी दूधवाला किटल्यांसकट बोरूत शिरला. पिंजाऱ्यानं मान वळवली, पडलेला माणूस बघितला आणि वरून त्यालाच झापलं, ‘‘घंटी वाजवायला काय होतं रे तुला?’’

सुईवाली मध्ये पडली. ‘‘जाऊ दे बाबा, घंटी खराब असेल तुझी,’’ म्हणाली, आणि त्याची सायकल उचलायला लागली. दूधवाल्यानं घंटी वाजवून दाखवली. चांगली टणटणीत वाजली. पिंजारी तोवर पुढं निघून गेला होता.

त्या दिवसापासून तिनं खोळ झटकायला सुरुवात केली. तात खणखणली की ही उठायची, नवऱ्याच्या समोर जायची आणि रिकामी खोळ दोन्ही हातांनी धरून फाडदिशी झटकायची. तो थांबायचा. फडकं सोडायचा, घाम पुसायचा, कापूस भरायला घ्यायचा. ती काही बोलली नाही, त्यानं काही विचारलं नाही. लोकांना वाटलं, बाईला स्वच्छतेचं वेड लागलंय. आमची आईसुद्धा म्हणायची, ‘‘अगं, किती झटकशील? धूळ नाही, सूत झडून जाईल त्यातलं.’’ सुईवाली म्हणायची, ‘‘तुमच्याकडच्या खोळी आहेत, झटकलेल्या बऱ्या. मागच्या खेपेला झुरळ निघालं होतं.’’ असं म्हटलं की आई गप्प.

नवऱ्याला कळत असेल का, की ही मुद्दाम झटकते? तिला वाटायचं, नसेल. हिनं झटकायला आणि आपण थांबायला एकच गाठ पडते, असंच त्याला वाटत असेल. बाईमाणूस स्वतःला हवं ते समजून घेतं. पुरुषही घेतात म्हणा.

तर त्या वर्षी सुईवालीची शहरातली लेक दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिल्या वेळी नेमके गाद्यांचे दिवस होते आणि सुईवाली गेली नव्हती. लेकीनं ते गिळलं, पण पचवलं नाही. फोनवर अधूनमधून टोमणा यायचाच. या वेळी सुईवालीनं तिला शब्द दिला होता: काठाची गावं संपवून, तुझे दिवस भरायच्या आत, मी दारात उभी. पण पोटातल्या पोराला गाद्यांचं वेळापत्रक कोण सांगणार? दोनच गावं राहिली होती, गिरणीचं आणि आमचं, आणि सकाळी न्याहारीच्या वेळी फोन वाजला.

‘‘आई, डॉक्टर म्हणतायत लवकर होईल. आजउद्याच. तू कधी येतेस?’’

‘‘येते. येते बाई.’’

‘‘येते म्हणजे कधी? का पुन्हा गाद्याच?’’

‘‘आज येते म्हटलं ना! गिरणीवरून दुपारी पिठाची गाडी शहराला जाते. तिच्यात बसते.’’

‘‘बाबांना दे फोन.’’

‘‘ते कामात आहेत.’’

‘‘तू नेहमी हेच सांगतेस. सकाळी आठ वाजता कसलं काम?’’

‘‘दाढी करतायत,’’ म्हणून तिनं फोन ठेवला. बाबा समोर बसून उकडलेलं अंडं सोलत होते.

तिनं समोर जाऊन, तोंड त्याच्याकडं करून सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग जा की. गिरणीचं आणि शेवटचं, दोन गावं मी उरकतो. मी काय लहान आहे?’’

‘‘आणि शिवायचं कोणी?’’

‘‘मला टाका घालता येतो.’’

‘‘दिसतो तुमचा टाका. बैल बांधावा त्याला.’’

पण टाक्याचं कोणाला पडलं होतं? वाकडातिकडा टाका चालतो. प्रश्न हा होता की ती शहराला गेली, तर तो एकटा पिंजणार, आणि गिरणीवालीच्या गाद्यांचा भुगा होणार. मग बापाचं जे झालं ते याचं. आणि गेली नाही, तर लेकीला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मधला रस्ता एकच होता: त्याला सांगायचं. जे त्यानं सांगू नका म्हटलं होतं तेच, त्याच्या तोंडावर.

गिरणीच्या गावापर्यंत नदीकाठानं चांगली लांब वाट आहे. तिनं मनाशी ठरवलं, वाटेत सांगू.

आणि वाट म्हणाल तर त्या दिवसांत अशी असते, की माणसानं पाय ओढतच चालावं. धुकं पाण्यावरून उठून हळूहळू विरत होतं. काठाच्या वाळुंजांची पानं पिवळी पडून पाण्यात गळत होती, आणि पाणी एवढं संथ की पान गळतं तसंच, वर तोंड करून, होडीसारखं निघून जायचं. बोरूचे तुरे पांढरे झाले होते. त्यांच्यामध्ये कोळ्यांची जाळी, आणि जाळ्यांवर दव. पलीकडं कापलेल्या शेतांतली धसकटं उन्हात पिवळीधमक दिसत होती आणि कोणीतरी पाला पेटवला होता, त्याचा धूर सरळ वर न जाता नदीवर आडवा पडला होता. एका घराच्या छपरावर भोपळे वाळत घातलेले, खिडकीखाली कणसांच्या माळा. एक बाई पायरीवर बसून चादर पिळत होती. तिनं ओळखून हात केला, ‘‘काय गं सुईवाले, यंदा लवकर?’’

‘‘तुझ्यासाठी नाही,’’ सुईवाली म्हणाली, ‘‘तुझी गादी अजून दोन वर्षं चालेल. तू झोपतेस कुठं, रात्रभर भांडतेस.’’

ती बाई हसली. पिंजारी पुढं चालत राहिला. वाट एका माणसापुरती. तो पुढं, ही मागं. त्याच्या तोंडासमोर जायचं तर नदीतून जावं लागलं असतं.

मग तिनं पाठीलाच सुरुवात केली. सवयच होती ती. ‘‘अहो, ऐका,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाला ऐकू येत नाही. आता काय करायचं?’’

पाठ चालत राहिली.

‘‘दोन वर्षं मी खोळ झटकतेय. हात दुखतात माझे. तुम्हाला वाटतं तुमचा कान शाबूत आहे. शाबूत काय! परवा त्या सुताराच्या दारात कुत्रं तुमच्या टाचेजवळ भुंकत होतं आणि तुम्ही त्याला म्हणालात, शहाणं कुत्रं आहे, भुंकत नाही.’’

साकव आला. दोन लाकडं टाकलेली. तो अंदाज घेत पलीकडं गेला आणि मागं न बघता हात मागं केला. तिनं तो धरला, पलीकडं आली आणि सोडला. पुन्हा पाठ.

आणि मग तिची जीभ सैल सुटली. पाठीला बोलायचं तर अहो-जाहो कशाला? ‘‘अरे माणसा,’’ ती म्हणाली, ‘‘तुझा बाप दारात बसला तेव्हा त्याला दोन वेळा जेवायला मी वाढलं. तू तेव्हा बाहेर निघून जायचास. तुला बघवायचं नाही. मला बघवायचं का? आता तू बसलास तर तुला कोण वाढणार? मीच ना? मग मला विचार तरी. लेक तिकडं कळा देतेय, आणि मी इथं तुझ्या इज्जतीला ठिगळं लावतेय. पहिल्या वेळी गेले नाही, का? गाद्या होत्या म्हणून? हो, तेव्हा गाद्याच होत्या. या वेळी तू आहेस. ही सगळी सोंगं कोणासाठी करतेय मी, सांग! दगडोबा!’’

समोरून एक बगळा उडाला. पिंजारी थबकला आणि मागं वळला. ‘‘काही म्हणालीस?’’

आता पाठ नव्हती. समोर होता, तोंडाकडं बघत होता. आत्ता सांगायला हवं होतं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘खोकले.’’

‘‘रुमाल बांध. दव आहे,’’ म्हणून तो पुन्हा चालायला लागला.

गिरणी आली. पाण्यावर चालणारी जुनी गिरणी. नदीचा एक फाटा चाकाखालून जायचा आणि वर जात्यांचा घरघराट. भिंती, खिडक्या, दारातलं मांजर, सगळं पिठानं पांढरं. गिरणीवाली दारात वाटच बघत होती. आडवीतिडवी बाई, नवऱ्यामागं गिरणी तीच चालवायची. आणि तिनं उत्साहाच्या भरात घात करून ठेवला होता: पिंजारी येणार म्हणून आदल्या संध्याकाळीच गाद्या उसवून, कापूस मागच्या पडवीत ओतून ठेवला होता.

आता पिंजाऱ्यांची एक रीत आहे. उसवलेली गादी उघडी टाकून उठायचं नाही. घरच्यांना रात्री जमिनीवर झोपवणं हा धंद्यातला कलंक. कापूस उघडा दिसला की काम सुरू करायचं आणि खोळीचं तोंड शिवूनच पाणी प्यायचं. म्हणजे पिंजाऱ्याला आता थांबवायची सोयच राहिली नाही. त्यानं ढीग बघितला, पिंजण खांद्यावरून उतरवलं आणि फडकं बांधलं.

पिठाची गाडी अंगणात उभी होती. पोती चढत होती. दुपारपर्यंत निघणार.

सुईवालीनं विचार केला, नवऱ्याला सांगता येत नाही तर गिरणीवालीला सांगावं. बाई शहाणी आहे, पोटात ठेवील. तिला हळूच सांगावं, की तात अशी अशी वाजली की मी झटकते तशी खोळ झटका. तिनं गिरणीवालीला हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

‘‘ताई, एक काम होतं. गुपचूप,’’ ती कुजबुजली.

‘‘काय?’’ गिरणीवाली म्हणाली.

‘‘आमच्या ह्यांचं… कानांचं…’’

‘‘पानांचं? पानं काय, झाडून घेते मी रोज.’’

‘‘पानं नाही हो. कान! कान!’’

‘‘जरा मोठ्यानं बोल बाई. पन्नास वर्षं या घरघरीत काढलीत. मला आता गिरणी तेवढी ऐकू येते.’’

पोती उचलणारे दोघंही थांबून बघायला लागले होते. हे गुपित या बाईला सांगायचं म्हणजे गिरणीच्या वर आवाज चढवून सांगायला हवं होतं. त्यापेक्षा दवंडी पिटलेली बरी.

‘‘काही नाही,’’ ती ओरडली. ‘‘चहा मिळेल का?’’

‘‘चहा ना! मग कानात काय सांगतेस? हक्कानं माग!’’

इकडं ढब ढब सुरू झालं होतं. सुईवाली त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसली, खोळ मांडीवर घेतली आणि कान लावला. गिरणीची घरघर भिंतीतून येत होती, तिच्यातून तात निवडून काढायची म्हणजे पिठातून मीठ वेचण्यासारखं. तिनं हिशेब केला. गाडी निघायच्या आत कापूस तरी पिंजून होईल. भरणं, शिवणं तो करील. मग आमचं गाव राहतं, त्याचं काय करायचं ते गाडीत बसल्यावर ठरवू. त्याला फोनवर सांगता येणार नाही, चिठ्ठीबिठ्ठी कोणाकडून तरी…

तेवढ्यात फोन थरथरला. ती दचकली आणि ताडकन उठली. मांडीवरची खोळ तिच्या हातात होती. उठताना ती उलगडली, फडफडली, तिच्या पायांत अडकली म्हणून तिनं ती वैतागून झटकली.

ढब ढब थांबलं.

पिंजाऱ्यानं पिंजण बाजूला टेकवलं, फडकं सोडलं, घाम पुसला आणि वाकून कापूस कवेत घ्यायला लागला.

ती तशीच उभी. हातात फोन थरथरतोय. कापूस तर तिला उभ्या जागेवरून दिसत होता: गाठीच गाठी, आवळ्याएवढ्या. तात अजून एकदाही वाजली नव्हती.

ती समोर गेली. ‘‘अहो, थांबलात का?’’

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग हातातल्या कापसाकडं. मग खोळीकडं.

‘‘तू झटकलीस ना,’’ तो म्हणाला.

कापसाचे कण हवेत तरंगत खाली बसत होते. त्याच्या भुवयांवर, तिच्या रुमालावर.

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं,’’ ती म्हणाली.

‘‘बायको रोज एकाच वेळी नाकासमोर खोळ झटकते. आंधळा नाही मी.’’

‘‘मग बोललात का नाही?’’

‘‘तू कुठं बोललीस?’’

सकाळपासून ती बोलतच तर होती.

‘‘तुझा हात हलतोय,’’ तो म्हणाला. ‘‘फोन आहे ना? घे.’’

तिनं घेतला. जावई होता. लेकीला दवाखान्यात नेत होते. तिनं ‘‘निघाले, निघाले’’ म्हटलं आणि नवऱ्याकडं बघितलं. काही सांगावं लागलं नाही.

‘‘जा,’’ तो म्हणाला.

‘‘आणि हे?’’

त्यानं पुन्हा फडकं बांधलं. पिंजण उचललं, तात कापसात घातली आणि ठोके द्यायला लागला. डोळे मिटलेले, डावा तळवा लाकडाला घट्ट लावलेला, जणू लाकडातून काही हाताला कळेल. तो ठोकत राहिला. दबका आवाज हळूहळू मोकळा होत गेला, मग तात एकदम खणखणली. सुईवालीनं खोळ झटकली नाही. हात खाली सोडून उभी राहिली. तो ठोकत होता. आणखी, आणखी. कापूस भुरभुरायला लागला, वर वर जायला लागला. तिनं ओठ दाताखाली धरला. मग त्यानं स्वतःच हात थांबवला आणि डोळे उघडून तिच्याकडं बघितलं.

‘‘गेला पुढं?’’

‘‘थोडा.’’

‘‘नाही कळत,’’ तो म्हणाला. ‘‘हाताला काही कळत नाही.’’

तो पिंजण भिंतीला लावून सरळ पुढच्या दाराकडं निघाला. ती मागं धावली, ‘‘अहो, कुठं? अहो!’’ पण पाठीला म्हटलेलं काय उपयोगाचं? गिरणीवाली जात्याशी उभी होती. भोवती पोतीवाले, दळण घेऊन आलेली माणसं. पिंजारी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात कधी मोठ्यानं न बोललेला माणूस, पण आता त्याला स्वतःचा आवाज कळत नव्हता आणि गिरणी चालू होती, म्हणून तो असा बोलला की मांजर पळालं.

‘‘बाई! मला ऐकू येत नाही! ही सांगते तेव्हा मी थांबतो! ही आज लेकीकडं चाललीय! ती परत येईपर्यंत तुमचा कापूस उघडा राहील! चालेल का?’’

दळणवाले एकमेकांकडं बघायला लागले. सुईवालीनं डोळे मिटून घेतले.

गिरणीवालीचा चेहरा मात्र उजळला. ‘‘हां! असं बोलावं माणसानं!’’ ती तितक्याच मोठ्यानं म्हणाली. ‘‘सकाळपासून पहिला शब्द नीट कानात गेला! कापूस काय उठून पळतोय का? राहू दे! मी पोत्यांवर झोपते, सवय आहे मला! आणि तुम्ही कुठं जाणार एकटे? इथंच राहा, पोती शिवा!’’

‘‘काय म्हणते ही?’’ पिंजाऱ्यानं बायकोला विचारलं.

सुईवालीनं त्याच्यासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, ‘‘पोती. शिवा. म्हणते.’’

‘‘माझा टाका चालेल का?’’

‘‘पोत्याला चालेल.’’

गाडी निघाली तेव्हा ती पिठाच्या पोत्यांवर बसली होती, गाठोडं पोटाशी धरून. तो रस्त्यापर्यंत आला आणि तिथूनच ओरडला, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, ‘‘पोरीला म्हणावं, बाप दाढी करत नव्हता! ऐकू येत नाही म्हणून फोन घेत नाही!’’ तिला पहिल्यांदा कळलं, की सकाळी ती काय म्हणाली ते त्यानं ओठांवरून वाचलं होतं. मग या माणसानं काय काय वाचलं असेल! बरं तर बरं, पाठीला डोळे नसतात. ती नुसती जोरजोरानं मान हलवत राहिली, गाडी वळेपर्यंत.

लेकीला मुलगी झाली. सुईवाली तिथं राहिली, लेकीचं सगळं केलं, आणि जुनं उट्टंही तिथंच फिटलं, कारण लेकीनं तिला एवढं राबवलं की शेवटी तीच म्हणाली, ‘‘बस कर आई, आता जा. बाबा पोती शिवून वेडे होतील.’’ ती परतली तेव्हा वाळुंज बोडके झाले होते. गिरणीवालीच्या गाद्या झाल्या. थोडासा कापूस भुगा झाला होता तो उशीत घातला, आणि ती उशी गिरणीवालीनं मांजराला दिली.

आमच्या गावात मात्र तोवर कुरकूर सुरू झाली होती. अर्ध्या लोकांनी टेम्पोतून मशीन घेऊन फिरणाऱ्या एका माणसाकडून गाद्या पिंजून घेतल्या होत्या. पिंजाऱ्याचं सगळं आमच्यापर्यंत आलंच होतं. असल्या बातम्यांना नदी लागत नाही. काहींनी तोंडावर सांगितलं, बहिऱ्याच्या हातात कापूस कशाला द्यायचा? ती घरं गेली ती गेलीच. बाकीच्यांनी वाट बघितली. आईनं बघितली, पण वर्षाच्या गाठींनी तिची कंबर धरली होती आणि ती मनातून तापलेली होती.

आमच्या अंगणात दोघं समोरासमोर बसले. आता खोळ झटकणं वगैरे काही नाही. तो पिंजत होता आणि सारखा तिच्या तोंडाकडं बघत होता. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, ‘‘काय गं, म्हातारपणी हा तुझ्या तोंडावरून नजर काढत नाही?’’

‘‘काढू दे की नजर,’’ सुईवाली म्हणाली. ‘‘तुझी गादी कच्ची राहील, माझं काय जातंय?’’ आणि मग त्याच्याकडं बघून, ‘‘बास!’’

तो थांबला. गाद्या झाल्या, चांगल्या झाल्या. ती शेवटचा टाका घालून दोरा तोडते न तोडते तोच तो पिंजण उचलून उभा राहिला.

‘‘अहो, अजून उशा राहिल्यात,’’ आई म्हणाली. मग लक्षात येऊन समोर गेली आणि बोटानं दाखवून म्हणाली, ‘‘उशा! उशा!’’

‘‘पुढच्या वर्षी!’’ तो ओरडला. ‘‘नात बघायची आहे!’’

आणि निघालासुद्धा. सुईवाली गाठोडं आवळत मागून. दोघं काठाच्या वाटेला लागेपर्यंत आई दारात उभी होती. त्या वर्षभर ती रोज सकाळी मान चोळत उठायची आणि रोज त्याच्या नातीला शिव्या द्यायची.